ठेचलेले बोल्ट

बाबालाल मुजावर हे नाव निघालं की आजही माझ्या कपाळावरची शीर उडायला लागते. मी रस्त्यांची इंजिनिअर. घर साताऱ्यात, डिप्लोमा कराडला केला, आणि तेव्हापासून आयुष्य रस्त्याच्या कडेला उभं राहण्यात चाललंय. या नोकरीत मी धुळीला वैतागले, डंपरवाल्यांना वैतागले, गावोगावच्या पुढाऱ्यांना वैतागले. पण या सगळ्यांनी मिळून दिला नसेल एवढा ताप मला या एका हडकुळ्या, पांढऱ्या टोपीच्या, साठीला टेकलेल्या मेस्त्रीनं दिला. आणि तोही कशासाठी? तर रस्त्याच्या कडेला खांबांवर बसवलेला तो लांबलचक नालीदार पत्रा असतो ना, गाडीतून जाताना ज्याच्याकडं कुणी ढुंकूनही बघत नाही, त्याच्यासाठी!

रस्ता कराडहून पलूसकडं जाणारा. डांबर झालं होतं, पट्टे मारून झाले होते, राहिले होते फक्त कडेचे पत्रे. साहेबांनी मला स्वच्छ सांगितलं होतं, "प्राजक्ता, रस्ता वेळेत ताब्यात दिलास तर तू कायम. नाही तर तुझं तू बघ." घरी वडील रिटायर, भावाचं शिक्षण चाललेलं. मी कॅलेंडरवर दिवस खोडत होते. आणि या सगळ्या रस्त्यात घशात अडकल्यासारखी एकच जागा होती, विहिरीचं वळण. रस्ता तिथं भरावावरून डावीकडं वळतो, आणि भरावाच्या खाली वीस पावलांवर दगडात बांधलेली, बिनकठड्याची, खोल विहीर. तिथं पत्रा सलग बसणार की मध्ये फट राहणार, यावर माझी नोकरी, एका शेतकऱ्याचा ऊस आणि या बाबालाल चाचांची भाकरी, तिन्ही अडकणार होती. तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं.

आधीची टोळी पत्रे बसवता बसवता दुसऱ्या कामावर पळाली, म्हणून पोटकंत्राटदारानं बाबालाल चाचांना पाठवलं. पलूसहून जुनाट मोपेडवर आले, मागं बाभळीची एक काठी बांधलेली. माझ्याशी बोलण्याआधीच ती काठी सोडली आणि बसवलेल्या पत्र्याला लावून बघायला लागले. काठीवर एक खाच होती. पत्र्याची वरची कड त्या खाचेला आली तर पुढं जायचे, नाही आली तर तिथं खडूनं फुली. मी म्हटलं, "चाचा, टेप आहे माझ्याकडं."

"आसू द्या," म्हणाले. "टेप ज्याच्या हातात आसती त्याच्या मनासारकं मोजती."

अर्ध्या तासात फुल्याच फुल्या झाल्या. मग त्यांनी मला रस्त्याच्या पलीकडच्या अंगाला नेलं. "म्याडम, तळहात पत्र्यावर ठिवा आन गाड्या जिकडं जात्यात तिकडं चालत ऱ्हावा."

मला वाटलं, काय हा खुळचटपणा. पण मोठा माणूस, म्हणून चालले. तिसऱ्या जोडावर तळहाताचं साल निघालं.

"लागलं व्हय?"

"लागलं म्हणजे काय! रक्त आलंय!"

"तुमचा निस्ता हात हाय, आन तुमी चालत हाय. गाडी आसती, पळत आली आसती, मंग?"

मग त्यांनी समजावलं. एका पत्र्यावर दुसरा पत्रा चढवून जोड करतात. गाडी ज्या बाजूनं येते त्या बाजूचा पत्रा वर पाहिजे, म्हणजे घासत आलेली गाडी जोडावरून सरकून पुढं जाते. उलटा चढवला की पत्र्याची उघडी कड गाडीच्या तोंडाला येते. आधीच्या टोळीनं दोन्ही अंगांचं काम कराडच्या टोकाकडूनच सुरू केलं होतं, त्यामुळं जाणारी बाजू बरोबर आणि येणारी बाजू अख्खीच्या अख्खी उलटी. आणि ती तपासून सही कुणी केली होती? मी. मला ढिम्म कळलं नव्हतं. कागदावर उंची होती, अंतर होतं, बोल्टची संख्या होती, मी सगळ्यांवर बरोबरच्या खुणा केल्या होत्या. हात फिरवून बघा असं कागदावर कुठं लिहिलेलं नव्हतं.

"खोला सगळं," चाचा म्हणाले.

चार दिवस! माझे चार दिवस या माणसानं उघडलेले बोल्ट परत लावण्यात घालवले. साहेब फोनवर माझी सालटी काढत होते, आणि हे शांतपणे सावलीत बसून भाकरी खात होते. चिडून मी म्हटलं, "चाचा, तुम्हाला घाई हा शब्द माहितेय का?"

"माहिती हाय की. तिलाच आडवाय बसलोय आपन हितं."

पाचव्या दिवशी मी परत हात फिरवला. या खेपेला हात अलगद सरकत गेला, ते मात्र मला कबूल करावं लागेल.

चाचांचं सगळं जग कठड्यांनी भरलेलं होतं. आधी ते लोहारकाम करायचे, बैलगाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा चढवायचे. गाड्या गेल्या तसे रस्त्यावर आले. महाबळेश्वरच्या घाटात धुक्यात खांब ठोकलेले, कराडच्या पुलावर काम केलेलं. कठड्यांच्या जाती ते माणसांच्या स्वभावासारख्या सांगायचे. पुलावर जो सिमेंटचा ओतीव कठडा असतो, त्याला आमच्यात जर्सी म्हणतात. "जर्सी सोता हलत न्हाई. आपटलं त्याला माघारी ढकलती. ताकद लय, पन माया न्हाई." कुठं कुठं जाड तारांचा कठडा असतो. "तार लय मऊ. वाकून वाकून गाडीला जागा देती. पन मागं जागाच नसंल, दरी आसंल, तर तिच्या मऊपनाचं काय लोनचं घालायचं?" आणि मग पत्रा. पत्र्याचं नाव आलं की आवाज खाली यायचा. "ह्यो मधला. वाकतो, पन सोडत न्हाई."

याच हिशेबानं ते माणसंही लावायचे. आमचे साहेब जर्सी. पोटकंत्राटदार तार, कारण ज्यो यील त्याच्यापुढं वाकतोय. एकदा मीही हौसेनं विचारलं, "आणि मी, चाचा?"

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुमी अजून गोदामात हाय. लावल्यावर बगू."

मी टेप उचलली आणि रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला निघून गेले.

पत्रा बसवून झाला की आमच्या दृष्टीनं काम संपलं. यांचं तिथून सुरू व्हायचं. पत्र्यावर कुणी टेकलेलं चालायचं नाही. खांबाला शेरडू बांधलेलं दिसलं की मोपेड थांबवून, मालकाला हुडकून, दाव्यानं रंग कसा जातो आणि गंज कसा धरतो यावर प्रवचन. बरं, तत्त्व तरी एक असावं! एका म्हातारीनं ओळीनं सहा गोधड्या वाळत टाकल्या होत्या, तर तिला काही नाही. मी म्हटलं, "आता का गप्प?" तर म्हणाले, "गोधडीनं पत्र्याला काय हुतंय? उलट उनापासनं बचाव." वर त्या म्हातारीकडचा चहा पिऊन आले. मी उन्हात उभी.

पण त्यांचं खरं खूळ दोन गोष्टींचं. पहिलं, टोक. पत्र्याची रांग जिथं सुरू होते तिथलं टोक उघडं, ताठ ठेवायचं नाही. ते खाली उतरवून मातीच्या भरावात पुरायचं. नकाशात तसं दाखवलेलं असो नसो, हे पुरणारच. घाटात एक जीप ताठ टोकावर गेली होती आणि पत्रा पुढून घुसून मागच्या सीटपर्यंत आला होता, ते यांनी डोळ्यांनी बघितलेलं. एकदाच सांगितलं, परत विषय काढला नाही. पण तेव्हापासून जगातलं कुठलंही मोकळं टोक यांना दिसलं की जीव कासावीस. ट्रॉलीतून लोंबणारा दोर, कुणाचा सुटलेला बूट, माझी ओढणी. मी स्कूटीला किल्ली लावली की कुठूनतरी आवाज यायचाच, "म्याडम, वढनी! टोक बगा!" पन्नास माणसांत! सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, रोज. शेवटी मी ओढणीला पिना मारायला लागले, तर म्हणाले, "पीन निसटती. गाठ मारा."

दुसरं खूळ बोल्ट ठेचण्याचं. नट घट्ट आवळून झाला की मागं बोल्टचे आटे थोडे बाहेर राहतात. ते हातोड्यानं ठेचून टाकायचे, म्हणजे पाना लावून कुणाच्या बापाला नट सुटत नाही. पत्रे चोरून भंगारात विकले जातात म्हणून काही लोक एखाददुसरा बोल्ट ठेचतात. हे सगळे ठेचायचे. आणि हे एकट्याचं काम नव्हे. एकानं पुढून बोल्टच्या डोक्याला जड घण टेकवून दाबून धरायचा, दुसऱ्यानं मागून हातोडा घालायचा. पुढचा घण हलला की ठोका वाया. त्यामुळं प्रत्येक जोडाला दोन माणसं अडकायची, आणि माझी टोळी पाच जणांची. मी ओरडले, साहेब ओरडले, टोळीतली पोरं कुरकुरली. "उद्या पत्रा बदलायचा झाला तर गॅसनं कापावा लागेल, चाचा!"

"कापतील की. ज्याला खरंच बदलायचाय त्यो कापंल. ज्याला निस्ता काढायचाय त्यो वैतागून जाईल."

असा हा माणूस घेऊन मी विहिरीच्या वळणावर पोचले.

तिथं संपतराव उभे. विहिरीच्या अलीकडचा ऊस त्यांचा, आणि उसाची ट्रॉली वर्षानुवर्षं वळणावरूनच रस्त्यावर चढायची. भाषा नरम, पण हट्ट पक्का. "म्याडम, बरूबर हितं ट्रॉलीपुरती फट ठिवा. मी काय गाड्या हिरीत ढकलाय बसलोय व्हय? पन ऊस काढू कुटनं? डोक्यावरनं?"

खरं तर साठ पावलं पुढं, विहिरीच्या पलीकडं, सरळ रस्त्यावर चढायला चांगली जागा होती. तिथं कठडाच नको होता. पण ते रान त्यांच्या धाकट्या भावाचं, विलासचं. दोघांचं बांधावरच्या एका आंब्यावरून बिनसलेलं, बोलणं बंद, एकमेकांच्या लग्नकार्याला जाणं बंद. संपतराव म्हणाले, "त्येच्या रानातनं ट्रॉली घालीन? त्यापरास ऊस पेटवून दीन." म्हणजे एका आंब्यापायी सरकारी रस्त्याला विहिरीच्या तोंडावर भोक पाडायचं! मी कपाळावर हात मारला.

चाचा काठी टेकून ऐकत होते. संपतरावांना म्हणाले, "आवं, फट ठिवली की दोन्हीकडं दोन मोकळी टोकं. आन मधनं सरळ हीर. वळन घेताना चुकला त्यो बरूबर तितंच जानार." मग माझ्याकडं वळून, "मी न्हाई ठिवनार." संपला विषय.

संपतराव वरपर्यंत गेले. कुणाचातरी साहेबांना फोन आला. आमच्या साहेबांनी मग जो तोडगा काढला तो ऐकून मीसुद्धा मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास टाकला, खोटं कशाला बोलू. "फोटोपुरता पत्रा लाव. बोल्ट हातानं आवळ. अधिकारी येतील, बघतील, जागेच्या शिक्क्यासकट फोटो होतील, सह्या होतील. दुसऱ्या दिवशी तेवढा एक पत्रा काढून संपतरावांना मोकळं करून दे. सगळे खूश."

मी भीत भीत चाचांना सांगितलं. मला वाटलं, आता तासभर भांडण. ते म्हणाले, "बरं."

तिथंच मला कळायला हवं होतं. त्या माणसानं सबंध कामात कशालाच बरं म्हटलेलं नव्हतं.

पाहणीच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, टोळी बाभळीखाली जेवायला बसली. चाचा एकटेच वळणावर. मला हाक मारली, "म्याडम, हितं जरा घण टेकवून धरा." मी धरला. मागून ठण् ठण् ठण्. पहिला बोल्ट झाला. दुसऱ्याला माझ्या ध्यानात आलं.

"चाचा! परवा काढायचाय हा पत्रा!"

"व्हय की," म्हणाले आणि तिसऱ्यावर हातोडा ठेवला. "धरा."

मला हात काढून घेता आला असता. टोळीला हाक मारता आली असती, साहेबांना फोन लावता आला असता, मोबाईल खिशातच होता. मी काहीच केलं नाही. पत्र्यावरून खाली बघितलं की हिरवं पाणी दिसत होतं. मागून एक बाई स्कूटीवरून गेली, पुढं पोरगं उभं केलेलं, आणि वळणावर तिची गाडी जरा बाहेर आली. बस, एवढंच. दोन्ही जोडांना आठ-आठ, सोळाच्या सोळा बोल्ट होईपर्यंत मी घण दाबून उभी होते. हात इतके बधिर झाले की संध्याकाळी स्कूटीचा ब्रेक दाबवेना. चाचांनी ना मला काही समजावलं, ना शपथ घातली. शेवटचा बोल्ट झाल्यावर म्हणाले, "चौथ्याला घण हलला तुमचा."

पाहणी झाली. अधिकाऱ्यांनी विहिरीच्या वळणावर उभं राहून फोटो काढले, पत्र्यावर थाप मारली, "व्वा, इथं चांगलं केलंय" म्हणाले. सह्या झाल्या, रस्ता ताब्यात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी संपतराव दोन गडी आणि पाने घेऊन आले. तासभर झटले, एक नट हलेना. मग जो आरडाओरडा झाला तो मी ऐकला नाही, कारण मी मुद्दाम उशिरा गेले.

साहेब सांगलीहून तडक आले. पत्र्याच्या डब्यातलं आमचं साइट ऑफिस, आत उकडून निघत होतं. चाचा उभे, मी खुर्चीवर.

"कुणी केलं हे?"

"म्या."

"एकट्यानं?"

"व्हय. एकट्यानं."

साहेब शहरात वाढलेले. घण आणि हातोडा यांत फरक काय हे त्यांना ठाऊक नव्हतं. ज्यानं आयुष्यात एक बोल्ट ठेचलाय त्यानं ते उत्तर ऐकून जागच्या जागी पकडलं असतं. ते माझ्याकडं वळले. "आणि तू कुठं होतीस?"

"जेवायला गेले होते, सर."

तोंडातून किती सहज आलं! चाचांनी माझ्याकडं बघितलंही नाही. साहेब त्यांना वाटेल ते बोलले, उद्यापासून येऊ नका म्हणाले, पोटकंत्राटदाराला फोन करून या माणसाला आपल्या कुठल्याच कामावर ठेवायचं नाही म्हणून बजावलं. चाचांनी कोपऱ्यातली काठी उचलली. दारात थांबले. मला वाटलं, आता बोलणार. बोलू देत, मी ऐकून घेईन.

"म्याडम, वढनी," म्हणाले. खुर्चीच्या चाकाखाली टोक आलं होतं.

संताप संताप झाला माझा! शिव्या द्यायच्या होत्या की! खोटारडी म्हणायचं होतं, थुंकायचं होतं! मी निदान रडून मोकळी झाले असते. हा माणूस ओढणीचं टोक दाखवून गेला, आणि पुढं दोन वर्षं ते टोक माझ्या गळ्याशी आवळलेलं राहिलं. महिन्याभरात मी कायम झाल्याचं पत्र आलं. आईनं पेढे वाटले. मला एकही गोड लागला नाही.

पत्रा मात्र राहिला. गॅसनं कापायचा म्हटलं तर रस्ता आता सरकारी, म्हणजे केस. संपतरावांनी आठवडाभर माझ्या नावानं बोटं मोडली. मग ऊसतोडीची पाळी आली, कारखान्याची गाडी दारात उभी राहिली, आणि झक मारत ट्रॉली विलासच्या रानातून काढावी लागली. भाऊ अजूनही बोलत नाहीत म्हणे. ट्रॉली जाते.

मी वाईकडच्या कामावर गेले. चाचांचा नंबर मोबाईलमध्ये होता. ईदला लावावा म्हटलं, लावला नाही. काम फार होतं, असं स्वतःला सांगितलं. एवढं काम कुणालाच नसतं.

गेल्या हिवाळ्यात बैठकीला सांगलीला निघाले होते. कंपनीची गाडी, ड्रायव्हर. मुद्दाम पलूसच्या रस्त्यानं जायला सांगितलं. विहिरीच्या वळणावर आलो आणि मी ओरडलेच, "थांबा, थांबा!"

पत्रा वीतभर आत वाकला होता. एक खांब कलला होता, खांब आणि पत्र्याच्या मधला एक ठोकळा सैल झाला होता. आणि पत्र्यावर, पाच खांबांच्या अंतराएवढा, निळ्या रंगाचा लांब ओरखडा. तोच पत्रा. आमच्या सोळा बोल्टांचा. जोड जिथल्या तिथं.

संपतराव रानात होते. मला ओळखून वर आले. मी विचारलं, कधी झालं, कोण होतं?

"कुनाला ठावं. सकाळी बगितलं तर निळा रंग. गाडी न्हाई, मानूस न्हाई, काचंचा तुकडा न्हाई. आपटला आसंल, जरा बसला आसंल, घरला गेला आसंल." त्यांनी ओरखड्यावरचा निळा रंग नखानं खरवडला. "हितनंच ट्रॉली काढनार हुतो आमी," म्हणाले, आणि रानात उतरून गेले.

ना पेपरात बातमी, ना पोलिसात नोंद. कुणीतरी घरी पोचलं आणि कदाचित गाडीच्या रंगासाठी बायकोची बोलणी खाल्ली. मी तळहात पत्र्यावर ठेवला आणि गाड्यांच्या दिशेनं चालत गेले. जोडावरून हात सरकून गेला. मग मला तिथं उभं राहवेना.

बैठक गेली खड्ड्यात. पलूसमध्ये विचारत विचारत चाचांची लोहारकामाची शेड गाठली. ट्रॉलीचा हूक ठोकत होते. जास्तच वाळलेले. "कोन? म्याडम व्हय. बसा." जसं काही मी कालच चहाला येऊन गेले होते.

मी घाईघाईनं सगळं सांगितलं. ओरखडा, निळा रंग, कुणी मेलं नाही. चेहऱ्यावर काहीतरी दिसेल म्हणून बघत होते.

"किती वाकलाय?"

"वीतभर."

"जोड सुटला?"

"नाही, चाचा. एकही नाही."

"ठोकळं?"

"एक सैल झालाय."

हातोडा आपटून उठले. "आन तुमी त्यो तसाच सोडून हितं सांगाय आलायसा? दुसरी गाडी आली म्हंजे? शिकलेली मानसं तुमी!" मोपेड काढून निघालेसुद्धा. मी गाडीतून मागं.

वळणावर पोचले तेव्हा ते काठी लावून उंची बघत होते. "दोन बोटं खाली आलाय," पुटपुटले, जणू मीच वाकवलाय. मी जवळ गेले. दोन वर्षं घोकलेलं वाक्य तोंडात आलं. "चाचा, त्या दिवशी ऑफिसमध्ये मी..."

"गाडीत घण हाय का?"

"काय? नाही."

"रस्त्याचं मानूस आन गाडीत घण न्हाई!" मोपेडच्या पिशवीतून आपलाच घण काढला, डब्यातून एक नवा बोल्ट. ठोकळा जागेवर सरकवला, नट आवळला, घण माझ्या हातात दिला. "धरा. हलवू नका ह्या खेपंला."

मी धरला. ड्रायव्हर गाडीतून उतरून बघत होता. भर रस्त्यात, कंपनीच्या गाडीपुढं, मॅडम घण धरून वाकलेल्या. त्यानं अवघडून विचारलं, "मॅडम, हे एकट्यानं होत नाही का?"

"नाही," मी म्हणाले, मोठ्यानं, पलीकडच्या रानात ऐकू जाईल असं. "एकट्यानं होतच नाही. दोघं लागतात. त्या दिवशीही दोघं होतो. मीच धरला होता."

"बोलू नका," चाचा मागून खेकसले. "घण हलतोय."

मी तोंड मिटलं. डोळ्यातलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता. तीन ठोके बसले, चांगले बसले. त्यांनी ठेचलेल्या बोल्टावरून अंगठा फिरवला आणि सामान गोळा केलं. आभार नाही, निरोप नाही. मला साहेबांना काय सांगायचं, आजच सांगायचं, ते मी गाडीत बसता बसता ठरवून टाकलं. दार लावलं, गाडी हलली, तोच मागून मोपेडचा हॉर्न, एकसारखा, कान किटवणारा. चाचा शेजारून आले, पांढरी टोपी, मागं बांधलेली काठी, रागानं लाल झालेला चेहरा, आणि दाराकडं बोट दाखवत ओरडत होते, "म्याडम, टोक! टोक!"

ओढणी दारात अडकून बाहेर फडफडत होती. मी गाडी थांबवून दार उघडलं आणि ती आत घेतली. गाठ मारून मान वर केली, तोवर ते वळणावरून, पत्र्याच्या कडेकडेनं, पुढं निघून गेले होते.